जावयाच्या बुलेटचं वायरिंग

जालिंदरनं आण्णांच्या तोंडात भडकावली तेव्हा त्याच्या पायांवरचं कुंकू अजून ओलं होतं.

आईनं नुकतेच परातीत त्याचे पाय धुतले होते, पदरानं पुसले होते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वाकून त्या पायांना कुंकू लावलं होतं. तो चपला सरकवत होता आणि आण्णा गुडघ्यावर हात टेकून उठता उठता एवढंच म्हणाले, "जावईबापू, पोरीला आणि एक महिना ऱ्हाऊ द्या. हात बरा हुतोय तिचा."

झालं. सणकन आवाज आला. आण्णांचा चष्मा उडून आमच्या घरापुढच्या गॅरेजच्या फरशीवर पडला आणि जालिंदरनं एक पाऊल पुढं टाकलं, ते नेमकं त्याच्यावर. चुकून पडलं की मुद्दाम, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलं नाही. मला माहीत आहे.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून रसूलमामा टायर खोलायची पहार घेऊन उठला. आण्णांनी एका हातानं गाल धरला होता, दुसरा हात वर केला. "बस रसूल. घरचं हाय."

घरचं होतं, खरंच होतं. तो धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना आला की आमच्याकडं जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून त्याला वाण देतात. या महिन्यात जावयात देव बघायचा, असं आण्णा मानायचे. मी माहेरी येऊन चार महिने झाले होते. या देवानं माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. कारण काय, तर शेजारणीच्या नवऱ्याची बंद पडलेली गाडी मी अंगणात उघडून चालू करून दिली. दार लावल्यावर जो आवाज झाला तो काकडी मोडल्यासारखा होता. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. माहेरी पोचवताना तो म्हणाला होता, "पुढच्या खेपंला बोटं न्हाईत, मान."

तरी आण्णांनी त्याला धोंड्याचं बोलावणं धाडलं. मी आईला म्हटलं, याला काय म्हणायचं? आई म्हणाली, "न बोलावता आला तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? बोलावून आला तर निदान पाया पडून सांगता तरी यील." पाया पडून सांगितलं, त्याचं हे झालं.

जालिंदर खुर्चीत बसला. पाय पसरले. रस्त्यापलीकडं बाभळीखाली त्याच्या वाळूवाल्यांची जीप उभी होती आणि आत चौघं बसले होते. त्यानं त्यांच्याकडं नुसतं बोट केलं.

"आज हिला घिऊन जाणार. न्हाई धाडली तर दुकानात दिवाबत्ती करायची गरज पडायची न्हाई तुमाला. आपोआप उजेड पडंल. कळलं का मामा?"

आण्णा खाली बसून चष्म्याची काडी चाचपायला लागले. मला त्यांचा एवढा राग आला की जालिंदरचा त्यापुढं कमी वाटला.

आईनं ताट पुढं केलं. नवं कोरं तांब्याचं, जड, गोल काठाचं. त्यात तेहेतीस अनारसे आणि पितळेचा दिवा. जालिंदरनं एक अनारसा उचलून तोंडात टाकला आणि ताटाच्या काठावर टिचकी मारली.

"ह्ये ताट घिऊन काय डोक्यात घालून घिऊ? वायरिंगवाल्याचा जावई मी, आन गाडीला साधा हॉर्न? प्रेशर हॉर्न पायजे. फुडं दोन फॉग लाइट. मोबाइलचं चार्जिंग. आन चोर स्विच. ह्ये माजं वाण."

त्याची बुलेट जुनी, किकवाली. रात्री वाळूच्या ट्रकांपुढं तो ती पळवायचा. तहसीलदाराची गाडी दिसली की मागच्यांना हॉर्न मारून सावध करायचं, हे त्याचं काम. म्हणून मोठा हॉर्न, म्हणून उजेड. आणि गाडी कुठंही शेतात टाकून पळावं लागायचं म्हणून चोर स्विच. हा एक लपवलेला बारका स्विच असतो. तो बंद असला की चावी लावून कितीही किका मारा, इंजिनाला करंटच जात नाही.

आण्णा उठले आणि वायरचं बंडल शोधायला गेले. भिंतीवर हात फिरवत, चष्म्याशिवाय. खिळ्याला अडकवलेलं लाल बंडल त्यांच्या नाकासमोर होतं आणि ते निळ्याला हात घालत होते. जालिंदर हसला.

"म्हाताऱ्याचं डोळं बी गेलं की. ए, तू कर. गाड्या उघडायची लई हौस हाय न्हवं तुला? कर मग. तुझ्या हातनंच हूं दे."

मी आण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "कर बाळ." आणि बाजूच्या लाकडी ठोकळ्यावर बसले.

मग मी बुलेटची सीट उतरवली.

आमच्या दुकानाला पाटी नव्हती. 'लोहाराकडं' म्हटलं की नाक्यावर कुणीही बोट दाखवायचं. मी नववीत असल्यापासून तिथं वायरी सोलल्या होत्या. आण्णांनी शिकवलेलं एकच: जोड दिला की ओढून बघायचा, आणि टेप गुंडाळली की तिचं शेवटचं टोक उलटं दुमडून ठेवायचं. "फुडं ज्येला उघडायचं आसंल त्येला नखात धरता आलं पायजे." नाक्यावर एवढी दुकानं होती, पण दुमडलेलं टोक दिसलं की गाडी आमच्याकडची, हे कुणीही ओळखायचं.

आता माझी दोन बोटं वाकडी. पक्कड धरली की निसटायची. मी वायर दातांनी सोलायला लागले. ते बघून जालिंदरला फारच मजा वाटली.

"उंदरीण हाय उंदरीण," तो जीपवाल्यांना ओरडून म्हणाला. मग चपलेचं टोक माझ्या पाठीला लावून ढोसलं. "उरक. ऊन उतरायच्या आत निघायचंय."

हॉर्नला रिले लावला, फ्यूज टाकला, फॉग लाइटचा स्विच हँडलला बसवला. चार्जिंगची वायर टाकीच्या बाजूनं वर काढली. तो मधूनमधून सिगारेटची राख माझ्या वाकलेल्या मानेवर झटकायचा. एकदा विस्तव पडला. मी हात नुसता फिरवला आणि काम चालू ठेवलं. आण्णा समोर बसून सगळं ऐकत होते. त्यांना दिसत नव्हतं, पण मांस भाजल्याचा वास यायला डोळे लागत नाहीत.

शेवटी चोर स्विच. त्याला मी तो टाकीखाली, उजव्या गुडघ्याजवळ बसवून दिला. दाखवला. त्यानं दोनदा चालू-बंद करून पाहिला, खूश झाला, आणि जीपवाल्यांकडं पान खायला गेला.

तेवढ्यात मी दुसरा बसवला.

तीच वायर तशीच मागच्या बाजूला नेली आणि सीटच्या खाली, डाव्या बाजूला, मागच्या दांडीच्या आतून एक बारका स्विच लटकवला. लुगड्यातली बाई गाडीवर एका बाजूला बसते. तिचा एक हात मांडीवरच्या सामानावर असतो आणि दुसरा त्या दांडीवर. जालिंदर जन्मात कधी मागच्या सीटवर बसला नव्हता. त्या जागी हात कुठं जातो, हे त्याला कुठनं ठाऊक असणार?

माझा बेत साधा होता. त्याच्या गावाच्या वाटेवर फाटा लागतो. तिथं एसटी थांबते, चहाच्या गाड्या असतात, पोलिसांची चौकी आहे. तिथं गाडी बंद पाडायची आणि उतरून सरळ चौकीत चालत जायचं. पण हात घाईत होता, बोटं ऐकत नव्हती. शेवटचा जोड कसाबसा पिळला, टेपचा एक वेढा दिला न दिला, तोवर तो परत आला. मी सीट बसवून टाकली. जोड ओढून बघितला नाही. टोकही दुमडलं नाही.

"झालं?"

"झालं."

"मग जा, लुगडं नेस चांगलं. सौभाग्यवतीसारखी दिस."

मी आत गेले. आई हिरवं लुगडं घेऊन उभीच होती. मी तिचे दोन्ही दंड धरले. "आई, त्यो मला मारून टाकणार. नुसतं मारणार न्हाई, मारून टाकणार. मला धाडू नगा."

तिनं माझ्या निऱ्या घालायला सुरुवात केली. तिचे डोळे गळत होते आणि हात चालू होते. "आण्णा म्हणलं, तिला जाऊ दे म्हणून."

"आण्णा म्हणलं?"

"व्हय. म्हणलं, मी गाडी एकदा तपासतो आन मग जाऊ दे."

मला हसू आलं. पोरगी खाटकाच्या दावणीला आणि बाप गाडी तपासतोय. आईनं माझ्या मानेवरच्या भाजलेल्या जागेला खोबरेल लावलं, ओटी भरली आणि ते ताट पंच्यात घालून चांगली गाठ मारून माझ्या हातात दिलं. वाण परत ठेवून घेता येत नाही.

बाहेर आले तर आण्णा बुलेटच्या हँडलपाशी उभे होते. हात चिंधीला पुसत होते. त्यांच्या बोटांना तेल आणि ग्रीस होतं. वायरिंगच्या कामात ग्रीस कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण ते तेवढ्यापुरतंच. जालिंदर गाडीवर बसून क्लच दाबून बघत होता.

"वा! मामांनी क्लच बी लोण्यावानी करून दिला. आधी दगड हुता निसता."

"नवी केबल टाकलीया," आण्णा म्हणाले. "वाणाचंच समजा."

मी आईच्या पाया पडले. आण्णांच्या पडले नाही. ते वाट बघत थोडे पुढं झाले होते, पण मी वळून गाडीवर बसले. रसूलमामा पहार मांडीवर घेऊन बघत होता. त्यानं मान खाली घातली. जालिंदरनं नवा हॉर्न दाबला, अख्खा नाका दचकला, आणि आम्ही निघालो. जीप वाळूच्या रस्त्याला गेली. तिचं काम झालं होतं.

उन्हाळ्याचे दिवस. रस्ता तव्यासारखा तापलेला. माझा उजवा हात मांडीवरच्या ताटावर, डावा सीटच्या दांडीवर. मी फाट्याची वाट बघत होते. चिंचेची झाडं दिसली की फाटा. चिंचा दिसायच्या आधीच जालिंदरनं गाडी डावीकडं कच्च्या रस्त्याला वळवली.

"कुठं?" मी ओरडले.

"खाणीवर जरा बसू. हवा खाऊ."

त्या रस्त्याला दगडाची जुनी खाण होती, बंद पडलेली. उन्हाळ्यातही तिच्यात हिरवं पाणी असायचं. तळ कुणी पाहिलेला नव्हता. तिथं हवा खायला कुणी जात नाही.

"घरला जाऊ या की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान पोरीसारखा वाटला.

"घरला मी जाणार हाय," तो म्हणाला. 'मी' वर त्यानं जोर दिला नाही. अगदी सहज बोलला.

चौकी तिकडंच राहिली, एसटी तिकडंच राहिली. आजूबाजूला नांगरून टाकलेली रानं, माणूस नाही, जनावर नाही. पुढं खाणीचा चढ सुरू झाला होता. चढ संपला की खाण. काय करायचं ते चढावरच करायचं होतं, कारण चढावर बंद पडलेली गाडी उताराकडंच तोंड करते, आणि उतार घराकडं जात होता. मी दांडीच्या आत बोट घातलं. स्विच सापडला. त्याच्या खालच्या जोडावर टेप होती, घट्ट, चांगली जाड गुंडाळलेली. मी तशी गुंडाळलीच नव्हती. नखाला काहीतरी लागलं. टेपचं टोक उलटं दुमडलेलं होतं.

आण्णांना सापडला होता तर. चष्मा नसताना, नुसत्या बोटांनी. त्यांना सापडला, त्यांनी जोड परत दिला, टोक दुमडलं, आणि तरी मला या गाडीवर बसू दिलं.

मी स्विच बंद केला.

बुलेट दोनदा फडफडली आणि चढाच्या मध्यावर थांबली. जालिंदरनं शिवी दिली. किक मारली. परत मारली. हॉर्न दाबला तर हॉर्न वाजत होता, दिवे लावले तर लागत होते, त्यामुळं तो जास्तच चक्रावला. टाकीखालचा स्विच तपासला. पेट्रोल हलवून पाहिलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"तुझ्या बापानं वाट लावली गाडीची. उतर खाली."

त्यानं गाडी वळवली, उताराला लावली आणि एकटाच बसून खाली सोडली. खाली जाऊन क्लच सोडला. गाडीनं गचका दिला आणि सपाटीवर जाऊन गप्प उभी राहिली. तो तिथनं ओरडला, "ये हिकडं! ढकल!"

पळावं म्हटलं तर मागं खाण आणि दोन्हीकडं ढेकळं. लुगड्यात किती पळणार? मी ताट काखेत धरून खाली गेले. त्यानं मला मागनं ढकलायला लावलं. मी ढकललं. बुलेट हलली नाही. परत ढकललं, पाय घसरला, तोंडावर पडले. तो गाडी स्टँडला लावून आला आणि माझी वेणी हाताला गुंडाळून मला उठवलं.

मग त्यानं मला मारलं. त्याबद्दल थोडंच सांगते. आधी हातानं, मग पट्ट्यानं, आणि पट्टा बक्कलच्या बाजूनं. एक फटका भुवईवर बसला आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. तो मारताना शिव्या देत नव्हता, धापा टाकत होता, लाकूड फोडणाऱ्यासारखा. एक लाथ बरगडीत बसल्यावर माझा श्वास गेला तो परत येईना. मला वाटलं, खाणीपर्यंत जायचीही गरज नाही, इथंच आटपतंय. पण त्याला गाडी पाहिजे होती. मला मारून झाल्यावर त्याला पायी जायचं नव्हतं.

"ऊठ," तो म्हणाला. "वर बस. मी ढकलतो. क्लच धरता येतो का?"

मी डावा हात वर केला. वाकड्या बोटांकडं बघून त्यालाच हसू आलं. "बाकीची दोन हायत की. त्यांनी धर. मी सोड म्हणलं की सोडायचा. दुसऱ्या कशाला हात लावलास तर हितंच गाडीन."

गाडी कशी चालवायची ते मी त्याच्या आधी शिकले होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याच्या घरी बाई गाडीवर मागं बसत होती, तेवढीच त्याला माहीत.

खाली पडलेल्या ताटाची गाठ मी हातात घेतली. लुगड्याचा काचा मारला आणि वर चढताना आधार घेतल्यासारखा डावा हात दांडीवर ठेवला. बोट आत गेलं. स्विच चालू झाला. ताट टाकीवर ठेवलं. चावी होतीच. गिअर पायानं दुसऱ्यात टाकला.

आता क्लच. बुलेटचा क्लच पुरुषांच्या मनगटाला भारी जातो, आणि माझ्याकडं पहिलं बोट, करंगळी आणि अंगठा एवढंच होतं. दोन बोटांनी लिव्हर पकडला, दात आवळले आणि सगळ्या ताकदीनं दाबायला गेले. ताकद लागलीच नाही. लिव्हर मुठीच्या जवळ वळवलेला होता आणि असा मऊ आला, जणू माझ्याच हाताच्या मापानं बसवलेला.

"धरला का?"

"धरला."

तो ढकलायला लागला. पैलवानाचं अंग होतं त्याचं. गाडी हलली, पळायला लागली, त्याच्या पायांचा धपधप आवाज मागं येत होता.

"सोड!"

मी सोडला. बुलेटनं गचका खाल्ला आणि धडधडली. तो आनंदानं ओरडला, "थांब! दाब क्लच, थांब!"

मी रेसची मूठ पिळली.

एक क्षण काहीच नाही. मग गाडी मागं जड झाली. त्यानं पळत येऊन डाव्या बाजूची दांडी धरली होती आणि फरफटत येत होता. "थांब, सटवे! जित्ती गाडतो! थांब!" त्याचे पाय दगडांवरून घासत होते, गाडी डावीकडं ओढत होती, आणि तो सोडत नव्हता. मग इंजिन एकदा खोकलं. मला कळलं. त्याच्या बोटांखाली तो स्विच होता. त्याला माहीत नव्हता, पण त्याची बोटं त्याच्यावरच होती. आणखी एकदा दाबली गेली की संपलं.

मी डावा हात सोडला, पंच्याची गाठ धरली आणि ते वाणाचं ताट मागं फिरवलं. न बघता. पहिला फटका सीटवर बसला. दुसरा दांडीवर बसला, दांडीवरच्या बोटांवर. तांबं जड होतं, काठ चांगला गोल होता. आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

तो किंचाळला आणि गाडी हलकी झाली. पंच्याची गाठ सुटली, दिवा आणि अनारसे रस्ताभर उधळले. आरशात बघितलं. तो गुडघ्यावर बसला होता आणि आपला हात आपल्याच पोटात खुपसून धरला होता. मी पुन्हा आरशात बघितलं नाही.

फाट्यावर चौकीत मी तोंडावरच्या रक्तासकट उभी राहिले. पुढं काय काय झालं त्यात फार सांगण्यासारखं नाही. तक्रार झाली, सोडचिठ्ठी झाली. जीपवाले पुन्हा नाक्यावर आले नाहीत. बायकोनं नवऱ्याला त्याच्याच गाडीवरून, त्यालाच ढकलायला लावून रस्त्यात सोडलं, ही गोष्ट वाळूवाल्यांमध्ये अशी काही पसरली की त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्याच्या हाताला पुढं क्लच धरता यायचा नाही, असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. दुकान आता मी चालवते.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची संध्याकाळ.

चौकीतला हवालदार म्हणाला, गाडी इथं ठेव, आम्ही तुला सोडतो. मी म्हटलं, आधी घरी जाऊन येते, मग गाडी तुमचीच. नाक्यावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. रसूलमामा आणि पाच-सहा दुकानदार आमच्या गॅरेजसमोर लोखंड-लाकूड घेऊन बसले होते. मला बघून सगळे उभे राहिले. आण्णा त्याच ठोकळ्यावर बसलेले होते. गाल सुजून डोळा मिटला होता. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, रक्त दिसत नव्हतं. बुलेट कुणी चालवत आणली हेही दिसलं नसणार.

मी गाडी स्टँडला लावली. वाटेवर मी त्यांना विचारायचं ठरवलं होतं: तुम्हाला सगळं कळलं होतं, तर मला धाडलं कशाला? तोंडातल्या तोंडात किती वेळा म्हणून पाहिलं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

आण्णांनी हात पुढं केला आणि चाचपत माझा डावा हात शोधला. वाकडी बोटं त्यांच्या ग्रीसच्या हातात घेतली.

"हाताला जड तर न्हाई न्हवं गेला, बाळ?" त्यांनी विचारलं. "क्लच?"